शून्याचे रजिस्टर: आरोग्यमंत्र्यांना एका सिस्टरचे खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस,



मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक सरकारी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात एक रजिस्टर असते. वर मार्करने 'हॉस्पिटल इन्फेक्शन' असे लिहिलेले. कायाकल्प या सरकारी स्वच्छता पुरस्काराची टीम तपासणीला यायची असली की त्याला नवे तपकिरी कव्हर चढते. आत रकाने आखलेले असतात: ऑपरेशनची जखम चिघळली, कॅथेटरमुळे लघवीचा संसर्ग, सलाईनच्या जागी पू, व्हेंटिलेटरवर न्यूमोनिया. आणि त्या रकान्यांतून महिनोन्‌महिने एकच आकडा खाली उतरत जातो. शून्य.

महोदय, हे शून्य खरे असते तर जगभरची माणसे आपल्याकडे शिकायला आली असती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालाप्रमाणे श्रीमंत देशांच्या रुग्णालयांत भरती झालेल्या १०० रुग्णांपैकी ७ जणांना आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना दवाखान्यात आल्यावर नवा संसर्ग होतो. ज्यांना होतो त्यांच्यातला सरासरी दहावा माणूस त्यानेच दगावतो. मग ज्या वॉर्डात दोन खाटांच्या मधल्या जागेत गादी टाकून तिसरा पेशंट झोपवलेला आहे, तिथे शून्य येते कुठून?

सांगते. सिझर झालेली बाई घरी जाते. आठवड्याभराने टाक्यातून पाणी यायला लागते, म्हणून ती गावाजवळच्या आरोग्य केंद्रात ड्रेसिंगला जाते. नियमाप्रमाणे ऑपरेशननंतर ३० दिवसांत जखम चिघळली तर ती ऑपरेशन केलेल्या रुग्णालयाच्या खात्यावर धरायची असते. प्लेट, सांधा वगैरे आत बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत. पण आरोग्य केंद्राच्या सिस्टरने ते जिल्हा रुग्णालयाच्या सिस्टरला कळवायचे कसे, याची काही रीतच नाही. दुसरा पेशंट आयसीयूतला. सहाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. ब्लड कल्चर पाठवायचे तर बाटली स्टोअरमध्ये नाही. बाटली असेल तर तपासणी बाहेरगावी. तीही सोय असेल तर नेमका रविवार. मग अँटिबायोटिक बदलून वरचे चालू होते. ताप उतरला तर बरेच झाले, नाही उतरला तर केसपेपरवर मूळ आजाराचे नाव आहेच. आणि एवढ्यातूनही एखाद्या सरळ मनाच्या सिस्टरने रकान्यात १ लिहिलाच, तर तिच्याकडे खुलासा मागवला जातो. पुढच्या महिन्यात तीही शहाणी होते.

या पत्रात मला मुख्यतः एवढेच मागायचे आहे: तो १ लिहायची मुभा द्या. लिहिणारीला शिक्षा नको, न लिहिणाऱ्या रुग्णालयाला प्रश्न विचारा. कारण तो आकडा खाली आणायचे उपाय नवे नाहीत, महागडेही नाहीत, आणि त्यांतले बहुतेक नर्सच्या हातातले आहेत.

आपल्या देशात मोजता येत नाही, असे कुणी सांगितले तर मानू नका. एम्स आणि आयसीएमआर यांच्या पुढाकाराने देशातल्या २६ रुग्णालयांच्या ८९ अतिदक्षता विभागांनी २०१७-१८मध्ये एकाच व्याख्येने, एकाच पद्धतीने रक्तातले आणि लघवीचे संसर्ग मोजले. कॅथेटर किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असलेले एकूण दिवस धरायचे आणि दर हजार दिवसांमागे किती संसर्ग झाले ते काढायचे. रोज ठरलेल्या वेळी सिस्टरने वॉर्डात फेरी मारून किती जणांना कॅथेटर आहे ते लिहायचे, एवढाच त्यातला रोजचा भाग. पेन, वही आणि पाच मिनिटे. त्या अभ्यासात रक्तातल्या संसर्गात क्लेब्सिएला हा जंतू सर्वांत पुढे निघाला, म्हणजे ज्याच्यावर आपली भारी औषधेही आता दमतात तोच. मोजले म्हणून ते कळले.

आता हातांचे बोलू. आपल्या प्रत्येक बेसिनवर हात धुण्याच्या पायऱ्यांचे चित्र लावलेले आहे. त्याच बेसिनच्या खिळ्याला एक नॅपकिनही लटकलेला असतो, सकाळपासून सगळ्यांनी हात पुसून ओला झालेला. पण नॅपकिनचे राहू द्या, हिशेब बघा. रात्रपाळीला चाळीस पेशंटच्या वॉर्डात एक सिस्टर, हे आपल्याकडे नवल नाही. सकाळी सहाचे इंजेक्शन. प्रत्येक पेशंटला औषध देण्याआधी एकदा आणि दिल्यावर एकदा हात स्वच्छ करायचे, हे किमान. म्हणजे ८० वेळा. साबण-पाण्याने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. सरळ गुणाकार केला तरी ५३ ते ८० मिनिटे, आणि त्यात वॉर्डाच्या टोकाला असलेल्या बेसिनपर्यंतच्या फेऱ्या धरलेल्या नाहीत. उन्हाळ्यात मराठवाड्यात नळाला पाणी टँकरचे असते तेही धरलेले नाही. ती बाई काय करते? जे कुणीही करेल तेच. ट्रॉली ढकलत पुढे जाते.

तेच काम खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या अल्कोहोल हँडरबने केले तर एका वेळेला २० ते ३० सेकंद पुरतात. हात चोळत चोळत पुढच्या पेशंटकडे जाता येते. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ ते १९९७ या काळात हेच केले. हँडरबच्या बाटल्या पेशंटच्या जवळ आणि कर्मचाऱ्यांच्या खिशात दिल्या, भिंतीवर पोस्टर लावले, आणि कोण किती वेळा हात स्वच्छ करते ते मोजून त्यांना परत दाखवले. हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेले. तेवढ्या काळात रुग्णालयातल्या संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. सगळ्यांनी दर वेळी हात धुतले असे तिथेही झाले नाही, तीन वेळांतून दोनदा झाले, तरी एवढा फरक पडला. (त्याच अभ्यासात सुधारणा मुख्यतः नर्स आणि त्यांच्या मदतनिसांमध्ये दिसली, डॉक्टर मंडळी होती तिथेच राहिली. हे मी केवळ माहितीसाठी सांगते.)

आपल्याकडे या बाटल्या येतात. येतात आणि इन्चार्जच्या कपाटात कुलूपबंद होतात, कारण इंडेंट पाठवला की स्टोअरमधून अर्ध्याच मिळतात आणि बाहेर ठेवल्या की जातात. एखादी बाटली ड्रेसिंग ट्रॉलीवर असते, तीही डॉक्टरांच्या राऊंडपुरती. इन्चार्जला दोष देऊ नका. संपलेल्या बाटलीचा जाब तिलाच विचारला जातो. न वापरलेल्या बाटलीचा जाब मात्र आजवर कुणी कुणाला विचारलेला मी पाहिला नाही. खरे तर उलटे हवे: ज्या वॉर्डात हँडरब कमी खपले त्या वॉर्डाकडे चौकशी व्हावी. दर हजार रुग्णदिवसांना किती हँडरब वापरले, हे माप जगभर धरतात.

आणि महाराष्ट्राने हँडरबची टंचाई सांगावी यासारखी दुसरी गंमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा फॉर्म्युला सगळ्यांसाठी खुला केलेला आहे: ८० टक्के इथेनॉल, १.४५ टक्के ग्लिसरॉल, ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, बाकी उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड पाणी. आफ्रिकेतल्या माली देशात, बामाकोच्या रुग्णालयात, ते जागेवर बनवून वापरले गेले. आपल्याकडे तर साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी २०२०च्या लॉकडाऊनमध्ये टँकर भरभरून सॅनिटायझर काढले होते. तेव्हा उत्पादन शुल्क खात्याने परवाने झटपट दिले. आरोग्य, साखर आणि उत्पादन शुल्क ही तीन खाती एका टेबलावर बसवणे सिस्टरच्या अखत्यारीत नाही, आपल्या आहे. एवढे मात्र आदेशात लिहा की हात रक्ताने किंवा विष्ठेने माखले असतील, किंवा पेशंटला जुलाब असतील, तर साबण आणि पाणीच हवे; बीजाणू धरणाऱ्या जंतूंना अल्कोहोल पुरे पडत नाही.

ग्लोव्हजबद्दल दोन शब्द. कोव्हिडनंतर ग्लोव्हज घातले की हात धुवायला नको, असे एक खूळ पसरले आहे. एकाच ग्लोव्हजनी तीन पेशंटचे बीपी घेतले जाते, फोन उचलला जातो आणि मग चौथ्याची सलाईन बदलली जाते. त्यात फक्त सिस्टरचे हात सुरक्षित राहतात.

आता एक दृश्य आपल्याला मुद्दाम दाखवते, कारण अधिकाऱ्यांच्या राऊंडला ते दिसत नाही. पेशंटला एक्स-रेला न्यायचे आहे. स्ट्रेचरवर घेताना त्याची लघवीची पिशवी खाली लोंबकळेल, अडकेल, म्हणून वॉर्डबॉय मामा ती उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतात. चांगल्या मनाने ठेवतात. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली, नळीतली शिळी लघवी उलटी आत गेली. लिफ्टपाशी दहा मिनिटे, एक्स-रेच्या रांगेत अर्धा तास. परत आल्यावर पिशवी खाटेच्या कडेला अडकवायला हूक नाही, म्हणून ती फरशीवर. रात्री नातेवाईक ती रिकामी करतात आणि तोटीचे टोक भांड्याला टेकते. शेजारच्या खाटेवरही कॅथेटरचा पेशंट आहे, आणि त्याची पिशवीही त्याच भांड्यात रिकामी होते. कॅथेटर घातल्यावर लघवीत जंतू येण्याची शक्यता दर दिवसाला ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते, ती सगळे नीट सांभाळूनही. आमच्या पद्धतीने किती वाढत असेल ते मोजलेले नाही.

यात करायचे काय, तर मामांना आणि नातेवाइकांना एक गोष्ट दाखवायची: पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली आणि जमिनीच्या वर. स्ट्रेचरला कडेने एक हूक वेल्ड करून घ्यायचा. प्रत्येक पेशंटला पिशवी रिकामी करायचे वेगळे भांडे. आणि सगळ्यांत मोठे म्हणजे रोज सकाळी विचारायचे, की या माणसाला आज कॅथेटरची गरज आहे का? आमच्या वॉर्डांत कितीतरी कॅथेटर केवळ एवढ्यासाठी असतात की रात्री भांडे द्यायला किंवा पेशंटला संडासापर्यंत न्यायला माणूस नाही. डॉक्टर काढायला विसरतात, सिस्टरला स्वतःहून काढायची परवानगी नाही. ज्या रुग्णालयांनी आठवण करून देणारी चिठ्ठी लावली, किंवा ठरलेले निकष बसत नसतील तर सिस्टरनेच कॅथेटर काढावा असा कायम आदेश दिला, त्यांच्याकडच्या अभ्यासांत कॅथेटरचे संसर्ग साधारण निम्म्याने कमी झाले. औषध नाही, यंत्र नाही. नर्सला एक अधिकार दिला, एवढेच.

अधिकाराचा हा मुद्दा मला थोडा ताणून मांडायचा आहे, कारण सगळे अडते तिथेच. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत सेंट्रल लाइन घालताना पाच गोष्टी पाळायला लावल्या: हात स्वच्छ करणे, टोपी-मास्क-गाऊन-ग्लोव्हज आणि मोठी चादर वापरणे, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने कातडी साफ करणे, शक्यतो जांघेतून लाइन न घालणे, आणि गरज संपताच ती काढणे. यातली एकही गोष्ट कुणाला माहीत नव्हती असे नाही. नवे होते ते असे की यादी सिस्टरच्या हातात दिली आणि डॉक्टरने एक पायरी गाळली तर तिने काम थांबवायचे, असा नियम केला. वरिष्ठ तिच्या पाठीशी उभे राहिले. २००६मध्ये छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत दर हजार लाइन-दिवसांमागे रक्तातल्या संसर्गांची सरासरी ७.७ होती ती दीड वर्षात १.४वर आली.

आता हे आपल्याकडे करून बघा. रात्री अडीचला निवासी डॉक्टर जांघेतून लाइन घालतोय, डोक्यावर टोपी नाही, चादर म्हणून एक भोकाचा टॉवेल. सिस्टर म्हणते, "सर, गाऊन देऊ का?" यापेक्षा जास्त ती म्हणू शकत नाही; तेही हळू आवाजात, ट्रे पुढे करण्याच्या निमित्ताने. "सिस्टर, इमर्जन्सी आहे," असे उत्तर येते, आणि कधी कधी खरोखर असते. पण दुसऱ्या दिवशी दुपारीही ती लाइन तशीच असते, ती बदलून नीट घालायचे कुणाला सुचत नाही, आणि सुचवणारीचा गोपनीय अहवाल लिहिणारे वेगळेच असतात. ही गोष्ट जुनीच आहे. व्हिएन्नात १८४७च्या आधी ज्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर बाळंतपणे करत तिथे बाया जास्त मरत, दाईंच्या वॉर्डात कमी. तिथल्या सेमेलवाइस या डॉक्टरने हातांकडे बोट दाखवले तेव्हा डॉक्टरांना राग आला तो आपण सगळे पुस्तकात वाचतो आणि हळहळतो. मग वॉर्डात येऊन सिस्टरला गप्प बसवतो.

तुमच्या सहीचे एक परिपत्रक पुरेल: निर्जंतुक कामात चूक दिसली तर ते थांबवण्याचा अधिकार हजर असलेल्या अधिपरिचारिकेला आहे, आणि तो वापरल्याबद्दल तिच्यावर कारवाई होणार नाही. ते आयसीयूच्या दारावर लावू द्या.

काही गोष्टी आपण करतो त्या बंद करायलाही हव्यात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री 'पार्ट प्रिपरेशन' म्हणून वस्तऱ्याने किंवा ब्लेडने केस काढले जातात. कातडीवर बारीक चिरा पडतात, रात्रभर त्यात जंतू वाढतात आणि सकाळी त्याच जागी चाकू लावायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६मध्ये स्पष्ट सांगितले आहे की केस काढूच नका, काढायचेच असतील तर क्लिपरने, वस्तऱ्याने कधीही नाही. एका क्लिपरची किंमत अशी कितीशी. तसेच ऑपरेशनच्या आधी द्यायचे अँटिबायोटिक छेद घेण्याआधीच्या दोन तासांत गेले पाहिजे. आमच्याकडे ते वॉर्डातून सकाळी सातला देऊन पाठवतात आणि केस लागते दुपारी एकला. वर ऑपरेशननंतर 'संसर्ग होऊ नये म्हणून' पाच दिवस चालूच, ज्याचा उपयोग नाही आणि अपाय आहे.

फॉर्मॅलिनचे फ्युमिगेशन हे दुसरे. शनिवारी ऑपरेशन थिएटर बंद करून धूर सोडायचा, रविवारी डोळे चोळत उघडायची. फॉर्मॅलिनमधल्या फॉर्मल्डिहाइडने कर्करोग होतो हे सिद्ध आहे, आणि नेहमीच्या वापरात असा धूर करा असे आज कुठलीही मान्यवर मार्गदर्शिका सांगत नाही. पृष्ठभाग घासून पुसणे, हवेची व्यवस्था नीट ठेवणे, दारे उघडबंद कमी करणे, याने काम होते. पण धूर दिसतो, वास येतो, काहीतरी जोरदार केल्याचे समाधान मिळते आणि रजिस्टरमध्ये तारीख टाकता येते. ओले फडके दिसत नाही. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयातल्या मृत्यूंची बातमी देशभर गेली तेव्हा एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले, आणि त्याचीच छायाचित्रे सगळीकडे झळकली. ते मृत्यू कशाने झाले हा माझा विषय नाही. पण स्वच्छता म्हटले की सत्तेतल्या माणसांच्या डोळ्यांपुढे काय येते, ते त्या दिवशी कळले. शौचालये स्वच्छ हवीतच. नवजात बाळाला मात्र जंतू बहुधा शौचालयातून चालत येऊन गाठत नाहीत, ते कुणाच्या तरी हातावरून, सक्शनच्या नळीवरून, वापरून उघड्या राहिलेल्या सलाईनच्या बाटलीतून येतात. ती बाटली आपण एकदा बघा: हवेसाठी वर एक सुई खुपसलेली, झाकायला म्हणून कापसाचा बोळा. मऊ प्लास्टिकच्या बाटलीला हवेची सुई लागत नाही. काचेच्या बाटलीच्या काळातली ती सवय अजून गेलेली नाही.

आणि पुरावा बदलतो हेही धरून चाला. व्हेंटिलेटरच्या पेशंटचे तोंड क्लोरहेक्सिडीनने पुसायचे, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. आता नव्या मार्गदर्शिका ते सरसकट करू नका म्हणतात, आणि साध्या टूथब्रशने दात घासा म्हणतात. दात घासलेल्या पेशंटमध्ये न्यूमोनिया कमी होतो, असे अनेक चाचण्या एकत्र करून दिसले आहे. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवणे मात्र टिकून आहे. १९९९मध्ये बार्सिलोनात सपाट झोपवलेल्या ४७ पेशंटपैकी १६ जणांना न्यूमोनियाची लक्षणे आली, उंच डोके ठेवलेल्या ३९ पैकी फक्त तिघांना. आमच्या निम्म्या खाटांचे दांडे गंजलेले आहेत, डोकेच वर होत नाही. सिस्टर खाटेखाली विटा लावते. आणि जिने वीस वर्षांपूर्वी जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स केला तिला टूथब्रशचे कोण सांगणार? प्रशिक्षणाला नावे जातात ती ज्यांची ड्युटी नसते त्यांची.

आजारी नवजात बाळांच्या कक्षाबद्दल, म्हणजे एसएनसीयूबद्दल, एकच सांगते. बाळांना आईपासून दूर, काचेआड ठेवले की संसर्ग टळतो, असा समज अजून घट्ट आहे. पाच देशांत, ज्यात दिल्लीही होती, झालेल्या आणि २०२१मध्ये छापलेल्या मोठ्या चाचणीत कमी वजनाच्या बाळांना जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी ठेवले तर मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले आणि जंतुसंसर्गही कमी झाला. आईच्या अंगावरचे जंतू बाळाला परवडतात, वॉर्डाचे नाही. त्यासाठी एसएनसीयूत आईची खाट लागते. बहुतेक ठिकाणी बांधकामाच्या नकाशात ती नसते.

मनुष्यबळावर मी शेवटी येते, कारण इथून सुरुवात केली की पत्र तिथेच मिटते. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सर्वसाधारण वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयांसाठी तीन पेशंटला एक नर्स आणि इतर रुग्णालयांसाठी पाचाला एक असे आहे, वर रजेसाठी राखीव वेगळ्या. त्या प्रमाणापुढे मघाचा चाळिसाला एक हा हिशेब ठेवून बघा. अमेरिकेतल्या परिचर्या संशोधक लिंडा एकेन यांनी २००२मध्ये दाखवले की ऑपरेशनच्या रुग्णांमध्ये दर नर्समागे एक पेशंट वाढला की महिन्याभरात मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. तिथे प्रश्न चारऐवजी पाच, पाचऐवजी सहा पेशंट असा होता. पदे भरा हे मी म्हणणार, आपण वित्त विभागाकडे बोट दाखवणार, हे दोघांनाही पाठ आहे. म्हणून मागणी जरा बारीक करते. निदान रात्रपाळीला आयसीयू, एसएनसीयू आणि सर्जरीच्या वॉर्डांतून सिस्टर उचलून दुसरीकडे न पाठवण्याचा आदेश काढा. आणि कंत्राटी सिस्टरला अकरा महिन्यांनी घरी पाठवताना तिने शिकलेले सगळे तिच्याबरोबर जाते, ते एकदा हिशेबात घ्या.

दर २५० खाटांमागे संसर्ग नियंत्रणासाठी निदान एक पूर्णवेळ व्यक्ती, नर्स किंवा डॉक्टर, असावी, हे जागतिक आरोग्य संघटनेचे किमान आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयांत 'संसर्ग नियंत्रण नर्स' हे नाव कुणाला तरी दिलेले असते, पण तीच बाई स्टोअर बघते, तीच बायोमेडिकल वेस्टच्या पिवळ्या-लाल पिशव्या मोजते आणि आठवड्यातून चार दिवस सर्जरी वॉर्डात ड्युटीही करते. हे पद स्वतंत्र करा. तिला मायक्रोबायोलॉजीच्या अहवालांपर्यंत थेट पोहोच द्या, तिचा दरमहाचा आकडा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मार्फत गाळून न येता थेट आपल्या कार्यालयात येऊ द्या. पहिल्या वर्षी तो आकडा भीतिदायक दिसेल. विधानसभेत विरोधक तो फलकावर लिहून आणतील. तेव्हा आपण उभे राहून सांगायचे की हे संसर्ग कालही होते, आम्ही आज मोजायला लागलो. तेवढे केले तर पुढच्या वर्षी आणखी चार सिस्टर खरे लिहायला धजावतील.

आणि त्या नर्सला निवडणुकीच्या ड्युटीवर, जनगणनेवर किंवा मंत्र्यांच्या दौऱ्यात अँब्युलन्सबरोबर पाठवू नका.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका